काळबांडे सरांचे रविवार

सर गेल्याचं मला मोबाइलवरच्या ग्रुपमधून कळलं, तेही वीस-पंचवीस जणांनी हात जोडून झाल्यावर. खरं सांगते, आधी डोळ्यांत पाणी आलं नाही. आधी मी बोटानं वर वर सरकवत गेले, बातमी पहिल्यांदा कोणी टाकली ते पाहायला. आमच्यानंतर कितीतरी वर्षांनी शिकलेला पंजाब म्हणून कोणी होता, त्यानं लिहिलं होतं, 'कालच दुपारी सरांजवळ बसून आलो.' त्या एका ओळीनं माझ्या छातीत जे झालं त्याला दुःख म्हणणं ही लबाडी होईल. मनात आलं, हा कोण? याला उशाशी बसू दिलं आणि मला साधा फोन नाही? साठी ओलांडलेली बाई मी, तीस वर्षं रिसोडच्या शाळेत विज्ञान शिकवलेली, दोन नातवंडांची आजी. आणि माणूस गेला त्या सकाळी मी बघत काय बसले होते, तर त्याच्याजवळ शेवटी कोण होतं! हे प्रकरण सरांवर लिहायला घेतलं आहे खरं, पण ते निव्वळ सरांवर होणार नाही हे मला पहिल्याच पानावर कळून चुकलं. सरांची आठवण उपटायला गेलं की तिच्याबरोबर माझा मत्सर येतोच, मेथीच्या जुडीबरोबर माती यावी तसा.

आमचा मळा वाशिमच्या बाहेर, रिसोड रस्त्याला. मळा म्हणजे एक विहीर, एक इंजिन, दोन खोल्या आणि बाकी सगळी भाजी. पहाटे मला जाग यायची ती डिझेल इंजिनच्या भकभक आवाजानं. माय त्याच्या आधी उठलेली असायची आणि ओट्यावर मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या बांधत बसलेली असायची. बाबा सायकलला दोन टोपल्या लावून बाजारात जायचे, आणि कॉलेजात जाण्याआधी मी दोन तास वांगी तोडायची. वांग्याच्या काट्यांनी बोटं खरबरीत झाली होती. कोथिंबिरीचा वास तर केसांतून जातच नसे. वर्गात मी बाकावर बसले की शेजारची पोरगी मागे वळून म्हणायची, "सिंधू आली व माय, आता वरणाले फोडणी द्या." सगळ्या हसायच्या. मीही हसायची. घरी येऊन शिकेकाईनं केस असे रगडायची की मायला वाटे पोरीच्या डोक्यात उवा झाल्या.

सरांचा पहिला तास मला लख्ख आठवतो. उंच, हाडकुळा माणूस. पँटच्या डाव्या पायाला सायकलची क्लिप तशीच राहिलेली. हातात मुळासकट उपटलेलं एक हिरवं झाड घेऊन आले आणि काही न बोलता टेबलावर ठेवलं. फळ्यावर त्याचं लांबलचक लॅटिन नाव लिहिलं आणि विचारलं, "हे काय आहे?" पुढच्या बाकावरच्या हुशार मुलांनी फळ्यावरचं नावच वाचून दाखवलं. सर म्हणाले, "ते तर मी लिहिलं. तुम्ही सांगा." माझ्या तोंडून हळूच निघालं, "तरोटा."

"कोण बोललं? मोठ्यानं बोल न."

"तरोटा, सर. कोवळा असला तर भाजी करतात."

"कशी करतात?"

मी उभी राहून सांगायला लागले, कांदा, हिरवी मिरची, मूठभर मुगाची डाळ. वर्ग हसून लोळायला लागला. सर हसले नाहीत. त्यांनी खडू घेतला आणि लॅटिन नावाच्या वर, त्याच्या दुप्पट अक्षरात, 'तरोटा' असं लिहिलं. म्हणाले, "खालचं नाव दूरदेशीच्या माणसानं ठेवलं. वरचं नाव जिनं हे रांधून लेकरांना खाऊ घातलं तिनं ठेवलं. दोन्ही लागतात. पण आधी वरचं लिहायचं." त्या दिवशी घरी जाऊन मी केस धुतले नाहीत. एवढ्याशा गोष्टीनं माणूस कोणाचा तरी होऊन जातो आणि तो मग जन्मभर परत येत नाही, हे तेव्हा मला कळलं नव्हतं.

पुढच्या रविवारी सकाळी सर सायकलवर आमच्या मळ्यात. बाबा गोंधळले, वाटलं पोरीनं कॉलेजात काही केलं. सर म्हणाले, "राऊत, मले तुमच्या बांधावरचं तण पाह्यचं हाये." बाबांनी आयुष्यभर ज्या तणावर विळा चालवला ते पाहायला प्रोफेसर आलेला! दोघं बांधानं फिरले. केना, चिवळ, काटेमाठ, एकदांडी, आघाडा. बाबा नाव सांगत, सर वहीत लिहून घेत, आणि बाबा नकळत ताठ होत गेले. मग लिंबाखालच्या बाजेवर बसून सरांनी भाकर खाल्ली. अंबाडीची भाजी, वर कच्चं तेल, ठेचा, कांदा. माय दारातून म्हणाली, "सर, आमच्या घरचं चालते ना तुमाले?" सर म्हणाले, "चालते काय म्हणता, पळते!" तेव्हापासून दर रविवारी ते यायचे. जिल्ह्यात उगवणाऱ्या प्रत्येक झाडाझुडपाचा नमुना वाळवून, त्याचं गावठी नाव लिहून ठेवायचं, हे त्यांचं काम. कॉलेजनं सांगितलेलं नव्हतं, त्याची कोणती पदवी मिळणार नव्हती. मी त्यांच्या पायाशी बसून नमुन्यांच्या चिठ्ठ्या लिहायची. माझं अक्षर म्हणजे कोंबडीनं उकिरडा उकरावा तसं. पण सर काही बोलत नसत, आणि मला वाटे, या माणसाचा रविवार माझा आहे. घरात बायको असलेल्या माणसाचा रविवार माझा कसा, हा प्रश्न मला वयाच्या साठीपर्यंत पडला नाही.

दुसऱ्या वर्षाला नलिनी आली. नलिनी ताजणे, जऊळक्याची. तिच्या वडिलांचं तिथं स्टेशनजवळ किराणा दुकान होतं. रोज गाडीनं वाशिमला यायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायची. गोरी नव्हती, फार सुंदरही नव्हती; मी पुष्कळ दिवस तिच्यात काय आहे हे शोधलं म्हणून सांगते. पण हात! पेन्सिल धरली की कागदावर पान उमटायचं ते शिरांसकट. आणि अक्षर तर छापल्यासारखं. प्रयोगशाळेत सरांनी तिची वही हातात घेतली आणि किती वेळ खाली ठेवली नाही. मग माझ्याकडे वळून अगदी सहज म्हणाले, "सिंधू, आता असं करू. तू नावं सांगत जा, नलिनी लिहीत जाईल." मी हातातला पेन तिला दिला. माझाच पेन होता. ती "थँक्यू व" म्हणाली आणि लिहायला लागली. त्या दिवशी मी तिला एका झाडाचं नाव मुद्दाम चुकीचं सांगितलं. सरांनी ते हसून दुरुस्त केलं. त्यांना वाटलं मी विसरले.

मग रविवारही आखडत गेला. सर यायचे, भाकर खायचे, पण इंजिन बंद व्हायच्या आतच उठायचे. "नलिनी येईल, चिठ्ठ्या लिहायच्या हायेत." कॉलेज रविवारी बंद, म्हणून ते काम सरांच्या घरी चाले. एकदा मी मायकडून टोपलीभर वांगी मागून घेतली आणि कारण काढून सरांकडे गेले. दार उघडंच होतं. आत पाहते तर नलिनी सरांच्या स्वयंपाकघरात, काकूंच्या शेजारी पाट टाकून पोळ्या लाटत बसलेली. काकू म्हणजे सरांच्या पत्नी, ठेंगण्या, कपाळावर मोठं कुंकू, बोलायला तिखट. सर भिंतीला टेकून ताटावर बसले होते आणि काहीतरी सांगत होते, आणि तिघं हसत होते. मला पाहून काकू म्हणाल्या, "ये न, बस." मी म्हटलं, "नाही, घाई हाये." वांगी उंबऱ्यात ठेवली आणि निघाले. घाई कसलीच नव्हती. रस्ताभर मी एकच गोष्ट मनात घोळवत होते, की ती पोळ्या वाकड्या लाटत होती. माझ्या पोळ्या गोल होतात.

त्या पावसाळ्यात सर आम्हाला शिरपूरला घेऊन गेले. वाटेत एसटी बंद पडली, आम्ही अर्धा तास रस्त्यावर उभे होतो, मुलं गाणी म्हणत होती. शिरपूरला उतरलो. भाविकांची गर्दी देवळाकडे वळली आणि आम्ही उलट्या बाजूला, माळावर. काळा दगड, मधूनमधून हातभर गवत. मी सगळ्यांच्या पुढे चालत होते, सरांच्या नजरेत राहावं म्हणून. एका कपारीपाशी मला दगडाच्या पोटात बोटभर उंचीचं काहीतरी दिसलं, जांभळट, तिळाएवढं फूल. मी ते पाहिलं. नक्की पाहिलं. आणि मनाशी म्हटलं, काही नाही, त्या दुधी नावाच्या तणाचाच प्रकार, आणि पाय उचलला. दोन मिनिटांनी मागून नलिनीचा आवाज आला, "सर, हे काय असन?" सर गेले. गुडघ्यांवर बसले. मग चिखलात चक्क पोटावर झोपले, भिंग लावून. उठले तेव्हा शर्टाची सगळी गुंडीपट्टी मातीनं भरलेली आणि चेहरा लहान मुलासारखा. "हे मी आजवर पाह्यलं नाही," ते म्हणाले. "पोरींनो, हे मी कुठंच पाह्यलं नाही." म्हणताना 'पोरींनो' म्हणाले, पण बघत तिच्याकडे होते. तिथं अशी आठच रोपं होती. सरांनी पाच काढली, तीन ठेवली. ती पुण्याच्या जाणकारांकडे पाठवायची, नवीन निघालं तर नोंद होईल, असं परतीच्या एसटीत ते सारखं बोलत राहिले. माझ्या मनात फक्त ते दोन मिनिटांपूर्वीचं माझं उचललेलं पाऊल.

रोप वाळवायचं म्हणजे दोन लाकडी जाळ्यांच्या मधे, रद्दी कागदांच्या घड्यांत ते सपाट दाबून पट्ट्यांनी आवळायचं. आम्ही त्याला प्रेस म्हणायचो. रोपातलं पाणी कागद पितात, म्हणून रोज ओले कागद काढून कोरडे घालावे लागतात. नाही घातले तर बुरशी. लगेच महालक्ष्म्या आल्या. सर मंगरूळपीरकडे आपल्या गावी जाणार, नलिनी जऊळक्याला. निघण्याच्या सकाळी सर सायकलच्या कॅरियरवर प्रेस बांधून मळ्यात आले. बरोबर कोरड्या कागदांचे सात गठ्ठे, प्रत्येक वेगळा सुतळीनं बांधलेला. म्हणाले, "एका दिवसाले एक गठ्ठा. एक दिवस चुकवायचा नाही. तुयावर सोडून चाललो, सिंधू." दुसरी कोणी मुलगी असती तर या वाक्यावर महिनाभर जगली असती. मी ऐकलं काय, तर नलिनी गावाला चालली म्हणून माझ्यावर.

पहिल्या दिवशी मी कागद बदलले. दुसऱ्या दिवशीही बदलले. पण प्रेस उघडली की सगळ्यात वर चिठ्ठी होती, नलिनीच्या त्या छापील अक्षरात: गाव शिरपूर, माळरान, दगडाची कपार, आणि खाली 'शोधणार: कु. नलिनी ताजणे'. दोनदा ती चिठ्ठी वाचली. तिसऱ्या दिवशी प्रेस उघडली नाही. आता मी असं सांगू शकते, की महालक्ष्म्यांच्या जेवणाला सोळा भाज्या लागतात आणि त्या दिवसांत माळ्याच्या घरी श्वास घ्यायला फुरसत नसते. खरंच नव्हती. दोडके, कारली, भेंडी, गवार, पालक, भोपळे, मळा दिवसभर उपसत होतो आणि पाऊसही परत आला होता. पण बोळीत, कोनाड्याखाली ठेवलेल्या त्या प्रेसवरून मी रोज दहा वेळा जायची आणि रोज दहा वेळा ती मला दिसायची. मी ठरवून काही केलं नाही. मी फक्त हात लावला नाही. माणसाला ठरवून केलेलं पाप एकवेळ धुता येतं. हे असं नुसतं बाजूनं निघून जाणं धुवायचं कसं, ते अजून मला सापडलेलं नाही.

आठव्या दिवशी सर आले. गावाहून आणलेल्या अनारशांची पुडी त्यांनी मायच्या हातात दिली, बाजेवर बसले आणि म्हणाले, "आण." मी प्रेस आणली. पट्टे सोडायच्या आधीच वास आला, ओल्या गोणपाटासारखा. सरांनी पहिला कागद उचलला, दुसरा उचलला. पाचही रोपांवर पांढरी लव चढली होती. फुलांच्या जागी काळा ठिपका. सर एकेक कागद उलटत गेले, सावकाश, जसं आतलं दुखेल.

"रोज बदलले?"

"हो, सर."

माय चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, "पोरगी तर रोजच बसे जी त्या लाकडापाशी. पावसानंच घात केला असन."

सरांनी मान हलवली. "हाव, पाऊस झाला खरा." मग त्यांनी वर पाहिलं. कोनाड्यात पाच गठ्ठे होते, त्यांच्याच हातची सुतळी, त्यांचीच गाठ. त्यांनी ते पाहिले, मी त्यांना ते पाहताना पाहिलं, आणि त्यांनी मला पाहिलं. मग ते उठले, पाचही गठ्ठे स्वतः कोनाड्यातून काढले, कॅरियरला बांधले, हात धुतले आणि म्हणाले, "माय, भाकर हाये का?" जेवले. नेहमीसारखे, दोन भाकरी. ठेचा मागून घेतला. मी आतल्या खोलीत कणगीमागे उभी होते. ते गेल्यावर माय माझ्याजवळ आली. म्हणाली, "मी आज तुयासाठी खोटं बोलली. कायले बोलली ते तुले माहीत हाये. पुन्हा बोलनार नाही." आणि अनारशांची पुडी माझ्या हातात न देता फळीवर ठेवून दिली.

सोमवारी प्रयोगशाळेत सरांनी नलिनीला बोलावलं. सगळ्यांसमोर म्हणाले, "नलिनी, तुझे नमुने गेले. चूक माझी. कागद बदलायचं माझ्या हातून राहून गेलं. मला माफ कर." आणि त्या माणसानं, आमच्या सरांनी, एका विद्यार्थिनीसमोर हात जोडले. नलिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, "असू द्या न सर." इथं मी म्हणायला हवं की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. झालं, पण ते नंतर, रात्री अंथरुणात. त्या क्षणी मला जे वाटलं ते असं: सरांनी तिची माफी मागितली. माझ्यासाठी खोटं बोलले आणि हात जोडले ते तिच्यापुढे. त्यातही तिलाच जास्त मिळालं. इतकी मी आंधळी होते. त्यांनी मला झाकलं होतं, आणि मला ते दिसलं नाही. मला त्यांचे जोडलेले हात कोणत्या दिशेला आहेत तेवढंच दिसलं.

पुढच्या पावसाळ्यात सर पुन्हा शिरपूरच्या माळावर गेले. ती तीन रोपं नव्हती. शेळ्यांनी खाल्ली म्हणा, पावसानं ओढ दिली म्हणा. त्याच्या पुढच्या वर्षी गेले. निवृत्त होईपर्यंत आणि नंतरही, गुडघे चालेनासे होईपर्यंत, दरवर्षी त्या आठवड्यात ते शिरपूरची एसटी पकडत आणि हात हलवत परत येत. मला हे दरवर्षी कोणी ना कोणी सांगायचं. मला ते कधी रागाचा शब्द बोलले नाहीत. बाबा माझं लग्न लावून मोकळे व्हायला निघाले तेव्हा तीन रविवार बाजेवर बसून वाद घालणारे तेच. "राऊत, पोरीले बी.एड. करू द्या. लग्न काय, पयून चाललं काय?" माझी नोकरी, माझी ती तीस वर्षं, सगळं त्या तीन रविवारांचं. फक्त एक गोष्ट झाली. त्यांनी परत कधीही माझ्या हातात प्रेस दिली नाही. मागितली असती तर दिली असती, असं आज वाटतं. मी मागितली नाही.

तेराव्यानंतरच्या रविवारी कॉलेजात शोकसभा होती. मी रिसोडहून सकाळच्या एसटीनं गेले. सभागृह भरलं होतं. एकामागून एक माणूस उठे आणि म्हणे, मी सरांचा लाडका विद्यार्थी. मला प्रत्येकाचा राग येत होता. तो पंजाब तर ढसाढसा रडला, आणि मी त्याचं रडणं खरं की खोटं ते पारखत बसले. नलिनी नागपूरहून स्वतःच्या गाडीनं आली होती. केस कापलेले, बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेली. तिला स्टेजवर बसवलं. मला सातव्या ओळीत खुर्ची. ती बोलली पाच मिनिटं, बरी बोलली, पण सरांचं गाव तिनं कारंजा सांगितलं. मी खालून जवळजवळ ओरडलेच असते, मंगरूळपीरकडचे! माझं नाव पुकारलं तेव्हा मी तरोट्याची गोष्ट सांगितली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाच गठ्ठ्यांची गोष्ट घशाशी आली होती. ती मी गिळली आणि खाली बसले.

सभेनंतर आम्ही दहा-बारा जण सरांच्या घरी गेलो. चहा झाला, लोक पांगले. ओसरीवर मी, नलिनी, आणि आत दारापाशी खुर्चीत काकू, ऐंशीच्या, डोळे मिटून. मी ठरवून गेले नव्हते. पण नलिनी शेजारी बसली होती आणि मी बोलून गेले. शिरपूर, ते रोप, प्रेस, महालक्ष्म्या, सगळं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा ते तोंडातून बाहेर आलं. नलिनी ऐकत होती. शेवटी म्हणाली, "कोणतं रोप व?"

"जांभळं फूल. तू शोधलं होतं. सर पोटावर झोपले होते."

"शिरपूरले गेलो होतो ते आठवते. एसटी बंद पडली होती न? रोपाचं नाही आठवत बापा." ती थोडी ओशाळली. "खरं सांगू सिंधू? मले बॉटनी कधी आवडलीच नाही. बाबानं टाकलं म्हणून आली. सर रविवारी बोलावत, नाही म्हणाची हिंमत नसे. रविवारच्या दिवशी गाडीत धक्के खात यायचं, चिठ्ठ्या लिहायच्या. लय कंटाळा येई. तू यासाठी इतकी वर्षं...?" आणि तिनं माझ्या हातावर हात ठेवला.

मला हलकं वाटायला हवं होतं. मला तिचा असा संताप आला जसा विसाव्या वर्षीही आला नव्हता. मी ज्याच्यासाठी जळले ते हिला फुकट मिळालं होतं, आणि हिला ते ओझं झालं होतं! मी हात काढून घेतला. तिचा फोन वाजला, ती बोलत बोलत अंगणात गेली.

"ते मले त्याच दिवशी सांगतलं होतं त्यायनं." काकूंचा आवाज. डोळे मिटलेलेच. "पाच गठ्ठे सुतळीसगट घेऊन आले घरी. म्हणे, पोरीनं हात नाही लावला. मी म्हटलं, आता त्या मळ्यात पाय ठेवू नका. तर म्हणे, नाही गेलो तर तिले वाटन मले समजलं."

काकूंनी डोळे उघडले. "अन् तुमी दोघी आज बसून वाटणी करून राह्यल्या. तुयी जास्त का तियी जास्त. तुमच्या दोघीइचा मले किती राग ये, ठाव हाये? सकाळी तुया मळा, दुपारी तियी चिठ्ठी, नाही तर माळावर. पोळ्या मी कराच्या. लगन झाल्यापासून मले त्या माणसाचा एक रविवार नाही भेटला."

"तुमी कधी बोलल्या नाही, काकू?"

"बोलली न. एक डाव बोलली. म्हटलं, एक रविवार मले द्या. दिला. दिवसभर घरात बसले. पेपर वाचला, घडी घातला, पुन्हा उघडला. दुपारी त्यायचं तोंड असं झालं जसं लेकरू कोंडून ठेवलं. मग मीच सायकल बाहेर काढून देली. म्हटलं, जा बापा." त्या हसल्या की काय झालं ते मला नीट दिसलं नाही, आत अंधारून आलं होतं.

अंगणातून नलिनीनं हाक मारली, "सिंधू, चाल, स्टँडवर सोडून देतो तुले." मी तिला म्हटलं, तू जा. तिची गाडी गेली. मी ओसरीवरून उठले आणि आत जाऊन काकूंच्या खुर्चीपाशी खाली बसले. इतकी वर्षं मी या घरी आले होते, या बाईच्या हातचा चहा प्यायले होते, आणि दर वेळी हिच्या खांद्यावरून आतल्या खोलीत सर आहेत का तेवढंच पाहिलं होतं. सरांबद्दल विचारायचं खूप होतं. शेवटी काय बोलले, माझं नाव काढलं का. ते ओठांवर आलं होतं.

मी विचारलं, "काकू, तुमचं माहेर कुठलं?"

काकूंनी माझ्याकडे वळून नीट पाहिलं, खरंच विचारते आहे का हे बघत असाव्यात. मग पदर सारखा केला आणि सांगायला लागल्या.